फांदी फुटेपर्यंत

आमच्या घरात शनिवार-रविवारची करमणूक फुकटातलीच असते. मुलगी पुण्यात शिकते, नवरा शेंद्र्याच्या कारखान्यात आणि फ्लॅट अजून बँकेचाच. त्यामुळे ‘फुकट ते पौष्टिक’ हे आमचं ब्रीद. या शहराचे उपकार असे, की त्यानं आम्हाला काही कमी पडू दिलं नाही. हिमायतबागेत झाडाखाली सतरंजी टाकली तर कोणी उठवत नाही. जुन्या शहरातले दरवाजे बघत कितीही चाला, कोणी हटकत नाही. मकबऱ्याला मात्र तिकीट आहे, म्हणून तो आम्ही बाहेरच्या रस्त्यावरून बघतो. तिथूनच तो जास्त चांगला दिसतो, असं नवऱ्याचं ठाम मत आहे.

मागच्या दिवाळीनंतर सासूबाई आमच्याकडे आल्या, म्हणजे आम्ही त्यांना आणलं. सासरे गेल्यावर त्यांनी शेळ्या विकल्या होत्या आणि गावात एकट्याच राहत होत्या. एके दिवशी आडाजवळ चक्कर येऊन पडल्या आणि शेजारीण धुणं घेऊन आली तेव्हा कुठे कोणाला कळलं. तेव्हापासून नवऱ्याची झोप उडाली. रात्री फोन वाजला की मी आधी त्याच्या चेहऱ्याकडे बघायचे.

पण त्या इथं रमेनात. आयुष्यभर शेळ्यांमागे माळावर फिरलेली बाई दुसऱ्या मजल्यावरच्या खिडकीशी बसून समोरच्या भिंतीकडे बघायची. रोज संध्याकाळी एकच वाक्य: मला गावाकडं सोडा. आम्ही समजावायचो, पण सगळं पालथ्या घड्यावर पाणी. मग आम्ही आमच्या फुकटच्या खजिन्याचं कुलूप उघडलं. शनिवारी क्रांती चौकात घेऊन गेलो. त्यांनी महाराजांच्या पुतळ्याला मनोभावे नमस्कार केला आणि एवढी माणसं कुठं चालली, म्हणून विचारलं. कुठंच नाही, नुसती फिरताहेत, असं सांगितल्यावर त्यांना त्या माणसांची दया आली. हिमायतबागेत त्या सतरंजीवर अवघडून बसल्या. एवढं गवत आणि खायला तोंड नाही, एवढंच म्हणाल्या.

मला हळूहळू कळलं, की फुकटच त्यांना टोचत होतं. काही न करता कुठं बसायचं, आयतं खायचं, हे त्यांनी कधी केलंच नव्हतं. मी त्यांना भाजी निवडायला दिली तर त्या अर्ध्या तासात निवडून पुन्हा भिंतीकडे तोंड करायच्या. शेवटी नवऱ्यानं हार मानली. येत्या सोमवारी रजा टाकून सोडतो म्हणाला. त्यांनी त्याच रात्री लुगडी गाठोड्यात बांधली.

मधला रविवार शिल्लक होता. तेवढ्यात टेकडी दाखवून आणू, असं मी म्हटलं. विद्यापीठाच्या मागच्या बाजूला ही टेकडी आहे. पहाटे तिथं चालायला येणाऱ्यांची एक रीत आहे: रिकाम्या हातानं वर जायचं नाही. प्रत्येकाच्या हातात पाण्याची बाटली, कोणाच्या खांद्यावर कॅन. उतारावर लावलेल्या झाडांना ते पाणी घालायचं आणि मग वर जाऊन सूर्य बघायचा. आम्हीही दोन बाटल्या घेतल्या होत्या. सासूबाई मात्र आमच्या पुढे निघून गेल्या. चढ बघून त्यांचे पाय आपोआप सुटले. आम्ही धापा टाकत मागे.

वळणावर पोचलो तर त्या डोक्याएवढ्या वाढलेल्या वडाशेजारी उभ्या होत्या. खालच्या वस्तीतली एक शेळी चुकून वर आली होती. सासूबाईंनी जिभेनं टक्‌टक्‌ आवाज केला, एक हात वर टाकला, वडाची फांदी वाकवून पीळ दिला आणि काड्‌कन मोडून शेळीपुढे धरली. शेळी मन लावून खाऊ लागली आणि सासूबाई हसल्या. आमच्याकडे आल्यापासून पहिल्यांदा. मी त्यांच्या चेहऱ्याकडे बघतच राहिले. त्यांनी काय केलंय हे माझ्या लक्षातच आलं नाही.

ते मागून आलेल्या गृहस्थांच्या लगेच लक्षात आलं. कानटोपी घातलेले, कुठल्याशा कार्यालयातून निवृत्त झालेले, दोन्ही हातांत पाच-पाच लिटरचे कॅन. हा वड त्यांनी लावला होता. कातळावर तो धरत नव्हता, तरी उन्हाळ्यामागून उन्हाळे पाणी वाहून त्यांनी तो जगवला होता. ते ओरडले नाहीत, कॅन खाली ठेवून त्यांनी मोडलेल्या जागेवरून हात फिरवला. मला धरणी दुभंगून पोटात घेईल तर बरं, असं झालं. मी माफी मागायला तोंड उघडलं, पण सासूबाईंनी मला हातानं थांबवलं. झाड कुणाचं, असं त्यांनी त्या गृहस्थांना विचारलं. ते म्हणाले, सगळ्यांचं.

“सगळ्यांचं कसं? पाणी कोण घालतं?”

“मी घालतो.”

“मंग तुझं हाय. दंड सांग.”

गृहस्थ गोंधळले. दंड कसला, चुकून झालं, जाऊ द्या आजी, असं काहीतरी पुटपुटले. पण सासूबाई जागच्या हलेनात. त्यांच्या लोकांत शेळ्या दुसऱ्याच्या पिकात शिरल्या, की पिकाचा मालक दंड सांगतो आणि तो निमूट भरायचा असतो. माफ करणं तिथं मोठेपणाचं समजत नाहीत.

“माफ केलंस म्हंजी मला मोजलंच नाय तू,” त्या म्हणाल्या.

गृहस्थांनी एकदा माझ्याकडे, एकदा नवऱ्याकडे बघितलं. मग काहीतरी बोलून सुटका करून घ्यायची म्हणून म्हणाले, बरं, मोडली तिथं नवी फांदी फुटेपर्यंत दर रविवारी या झाडाला पाणी घाला. सासूबाईंनी मान डोलावली. सोमवारी गाव गाठायचं होतं, हे त्यांच्या लक्षात होतंच. घरी येऊन त्यांनी गाठोडं सोडलं आणि लुगडी पुन्हा खुंटीवर टाकली. नवरा स्वयंपाकघरात येऊन माझ्याशेजारी नुसता उभा राहिला. त्या कानटोपीवाल्या गृहस्थांना मी मनातल्या मनात किती आशीर्वाद दिले, ते त्यांना कधीच कळणार नाही.

मग आमचे रविवार बदलले. आमच्याकडे नळाला रोज पाणी येत नाही, म्हणून सासूबाई तांदूळ धुतलेलं पाणी कॅनमध्ये साठवू लागल्या. आज कोणता वार, हे त्या रोज विचारायच्या. टेकडीवर त्यांना सगळे ओळखू लागले. कोणी पेरू आणायचं, कोणी भिजवलेले हरभरे, आणि ‘आजींचा दंड कुठवर आला’ अशी थट्टा चालायची. कॅन आम्ही धरतो म्हटलं की त्या खेकसायच्या. दंड मला झालाय, वझं तुमी का वाहावं? त्या कानटोपीवाल्यांना त्या अरे-तुरे करायच्या आणि ते खूश व्हायचे. सूर्य वर आला, की आम्ही सगळे देवगिरीच्या किल्ल्याकडे बघत बसायचो. मला आई लहानपणीच गेली. रविवारी सकाळी आपल्यापुढे चढणारी आपली अशी कोणी बाई असावी, हे सुख मला ठाऊकच नव्हतं.

पण मनात धाकधूक होती. वळण आलं, की मी सगळ्यात आधी त्या मोडक्या खुंटाकडे बघायचे. कोरडा दिसला की हायसं वाटायचं. झाड फुटू नये असं वाटणारी टेकडीवर मी एकटीच असेन.

फाल्गुनात तो फुटला. खुंटाच्या बगलेतून करंगळीएवढा तांबूस कोंब. मी घाईनं पुढे चालू लागले, पण कानटोपीवाल्यांना तो दिसलाच. त्यांनी आनंदानं सगळ्यांना गोळा केलं. आजींचा दंड फिटला म्हणाले. लोकांनी टाळ्या वाजवल्या. नवरा बुटाची नाडी बांधायला वाकला आणि वाकलेलाच राहिला.

सासूबाईंनी कोंबाकडे जवळून बघितलं. मग नेहमीसारखं, मुळाशी फिरवत फिरवत, कॅनमधलं सगळं पाणी घातलं. कोणीतरी विचारायला हवं होतं, म्हणून मीच विचारलं. आत्या, मग तुम्हाला कधी सोडायचं?

त्यांनी कॅनचं झाकण लावलं आणि माझ्याकडे असं बघितलं, जसं मी काही भलतंच बोलले.

“दंडाचं पाणी झालं. आता घालीन ते माझ्या मनाचं. उन्हाळा तोंडावर आलाय, आन् तू मला कुठं सोडाय निघालीस?”

मी तिथंच, सगळ्यांच्या देखत, रडले.