हसू जिथलं तिथे

माझी नणंद हट्टी आहे, हे मला लग्नाआधीच सांगण्यात आलं होतं. सांगणारी तीच होती. "माझं कुणाशी पटत नाही असं नाही," ती म्हणाली, "पण माझं मत बदलायला येऊ नकोस. लोक उगाच दमतात."

ती सिनेमाची संकलक. सासरे शिंपी. मुलीने हे काम धरलं तेव्हा ते म्हणाले होते, "कापायचं आणि जोडायचंच आहे, तर माझ्या दुकानात बस की!"

"बाबा, तुमचं कापड बोलत नाही," म्हणाली आणि गेली.

पांढरे सुती हातमोजे घालून, फिल्मच्या पट्ट्या गळ्यात अडकवून ती दिवसभर उभी असायची. शिकवणारे वस्ताद चूक दाखवत नसत. नुसती पट्टी हातातून काढून घेत. एकदा तिने ती परत ओढून घेतली. वस्ताद बघतच राहिले आणि दुसऱ्या दिवसापासून तिला शेजारी बसवू लागले.

पुढे ती टीव्हीकडे वळली, तेव्हा त्यांनी तोंड फिरवलं. "मालिका कापणार? हात बिघडेल."

"हात माझा आहे. बिघडला तर मी बघेन."

तिने मालिका केल्या, फुटबॉलचे सामने केले, लहान मुलांसाठी बाहुल्यांचे खेळ केले, अधूनमधून सिनेमाही. सिनेमावाले तिला टीव्हीवाली म्हणत, टीव्हीवाले सिनेमावाली. ती दोन्हीकडे ताठ मानेने जायची. फुटबॉलमधून ती थांबायला शिकली. गोल झाल्यावर सगळे चेंडूकडे बघतात, ही गोलरक्षकाचा चेहरा धरून ठेवायची. एका रडक्या मालिकेत मुलगी दार आपटून निघून जाते, तिथे तिने आईचा चेहरा असाच धरला. दिग्दर्शक वैतागला, "अहो, इथे काहीच घडत नाहीये!"

"घडतंय. तिला आत्ता कळतंय."

आणि मग ती एका वाहिनीत बातम्या जोडायच्या नोकरीला लागली, तिथे ते प्रकरण झालं. त्या दिवशी मी तिचा नवा चष्मा द्यायला वाहिनीच्या कचेरीत गेले होते, म्हणून सगळं समोर पाहिलं. परिचारिकांचा संप चालू होता. त्यांच्या पुढारीबाईंची मुलाखत ती जोडत होती. मुलाखत सुरू होण्याआधी माईक बाईंच्या कॉलरमधून आत घसरला होता आणि त्या खळखळून हसल्या होत्या. कॅमेरा तेव्हा चालूच होता. पुढे वार्ताहराने विचारलं, "संपामुळे रुग्ण दगावले तर?" बातम्यांच्या साहेबांना तिथे ते हसू हवं होतं.

"हसू तिचंच आहे ना? मग खोटं काय त्यात?" साहेब म्हणाले.

"हसू तिचं. जागा तुमची."

"एक तुकडा इथला उचलून तिथे ठेवायचा. एवढ्यावरून तमाशा?"

"त्यांनी उत्तर दिलंय, साहेब. कुणी दगावू नये म्हणून अतिदक्षता विभागात आमच्या मुली बिनपगारी उभ्या आहेत, असं म्हणाल्यात त्या. प्रश्नाला तेच जोडलंय. तेच जाईल."

साहेबांनी शेजारच्या खोलीतल्या संकलकाला बोलावलं. काडीसारखा माणूस, कधी कुणाशी वर आवाज न केलेला. त्याने पडद्याकडे पाहिलं, हिच्याकडे पाहिलं. "माझी पाठ धरलीय, साहेब," म्हणाला आणि सरळ चालत निघून गेला. साहेबांना मशीनचं बटणही ठाऊक नव्हतं. बाहेर निवेदिकेच्या तोंडावर पावडर फिरत होती, बातम्यांची हाकाहाक चालली होती. नणंदेने खुर्ची मशीनजवळ आणखी ओढली आणि माझ्या हातून चष्मा घेऊन डोळ्यांवर चढवला. मुलाखत गेली, तिने जोडली होती तशीच.

दुसऱ्या दिवशी तिला काढून टाकलं. वर साहेबांनी सगळीकडे फोन फिरवले : कामाला चांगली, पण डोक्यावर बसते. कामं आटली.

माझा नवरा तिला म्हणाला, "ताई, माफी मागून टाक. दोनच शब्द तर आहेत."

"दोन्ही माझे नाहीत."

सासऱ्यांनी दुकानातलं कापडाचं अर्धं टेबल मोकळं केलं. तिथे, शिलाई मशीनच्या खडखडाटात, तिने संकलनाचं एक जुनं यंत्र मांडलं आणि येईल ते काम घेतलं. केसांच्या तेलाच्या जाहिराती, गाडी शिकवणाऱ्यांच्या फिती. दंतवैद्यांसाठी दाढ कशी काढावी याची फीत तर तिने इतकी रंगवली की मी अर्ध्यातून उठून गेले.

तिच्याविषयी ऐकून एक विनोदी सिनेमे करणारा दिग्दर्शक दुकानात आला. पँट शिवायला आलाय असं वाटून सासऱ्यांनी मापाची टेप हातात घेतली.

"तुम्ही ऐकत नाही म्हणे," तो हिला म्हणाला.

"ऐकते. करत नाही."

"मग माझा सिनेमा तुम्हीच करा. माझ्याकडे सगळे नंदीबैल भरलेत."

तिने सगळ्यात आधी त्याने स्वतः काम केलेला प्रसंग उडवला. तो लालबुंद होऊन निघून गेला. प्रसंग परत घालून त्याने ओळखीच्यांना सिनेमा दाखवला, नेमक्या तिथे लोक चुळबुळायला लागलेले पाहिले, आणि मुकाट्याने काढून टाकला. सिनेमा धो धो चालला. मग साहेबांचे फोन कुणी मनावर घेईना. सिनेमे आले, मालिका आल्या, आता मोबाइलवर बघायच्या गोष्टीही येतात.

त्या पुढारीबाईंना यातलं काही कळलं नाही. मी एकदा म्हटलं, "सांगू या का त्यांना?"

"कशाला? पुढच्या वेळी हसायला बिचकाव्यात म्हणून?"

गेल्या वर्षी एका सन्मान सोहळ्याच्या लोकांनी फोन केला. चित्रपट विभागात नाव घालू की टीव्ही विभागात, एकच निवडा म्हणाले.

"दोन्हीकडे घाला."

"तसं बसत नाही, मॅडम."

"मग तुमचे विभाग बदला," म्हणाली आणि फोन ठेवला.

सन्मान दुसऱ्याच कुणाला तरी मिळाला. त्या संध्याकाळी ती घरी सोहळा टीव्हीवर बघत बसली होती. टाळ्या उगाच लांबवल्यात, असं मला दोनदा म्हणाली, आणि सकाळी कामावर गेली.