हरिश्चंद्रकाकांचा सर्व्हर

राई गाव मागे पडलं तरी हरिश्चंद्रकाका काही बोलले नव्हते. संचिताला त्याचं नवल वाटलं नाही. शांती नगरात त्यांच्या शेजारी राहायला आल्यापासून काका कामाशिवाय बोलताना तिने ऐकलेच नव्हते. नवरात्रात त्यांच्या बिल्डिंगमधली माणसं भाईंदर पश्चिमेहून धारावी देवीला अनवाणी चालत जायची. बाकीची पुढे निघून गेली होती. मनोरमाकाकूंचे गुडघे यंदा नाही म्हणाले, म्हणून काकूंची ओटी संचिताच्या पिशवीत आणि काका संचिताच्या ताब्यात होते.

"काका, देवीला काय मागणार?"

 काका म्हणाले, "रोहित येत नाही गं."

"दिवाळीला येईल की."

"इकडे नाही. खेळात."

काका मूळचे म्हसळ्याचे. दहिसरच्या एका औषध कंपनीत खोकी भरण्यात त्यांची उमेदीची वर्षं गेली. बिघडलेली वस्तू दुरुस्तीला बाहेर द्यायची नाही, हा त्यांचा नेम. मिक्सर, इस्त्री, काकूंचं मंत्र म्हणणारं यंत्र, सगळं त्यांनीच उघडलं, आणि त्यातलं बरंचसं परत बंदही झालं.

रोहित त्यांचा एकुलता एक. बहारीनला नोकरीला जाताना तो घरच्या कॉम्प्युटरवर चौकोनी विटांचा एक खेळ बसवून गेला. खेळ चालायचा काकांच्या बाहेरच्या खोलीत, पण पत्ता माहीत असेल तो जगातून कुठूनही त्यात शिरू शकायचा. बापलेक त्यात आपलीच बिल्डिंग बांधत होते. फक्त तिला लिफ्ट होती.

गणपतीला रजा मिळत नाही असं रोहित फोनवर म्हणाला. काका म्हणाले, "मग तिकडेच राहा." दुसऱ्या कोणी म्हटलं असतं तर विसरलं गेलं असतं. काका मुळात बोलायचे कमी, त्यामुळे जे बोलायचे ते लागायचं. तेव्हापासून रोहितचा फोन फक्त आईला. पण कामावरून आला की तो खेळात यायचा.

"मग तिथे बोलता काय?" संचिताने विचारलं.

"बोलायचं काय? तो विटा लावतो, मी विटा लावतो."

मधे इंटरनेटचा जुना राउटर बिघडला. नवा आला, आणि बाहेरून कोणालाच खेळात येता येईना. काकांनी इंटरनेटवाल्याला फोन केला. तो म्हणाला, "अंकल, घर में सर्व्हर किसलिए? धंदा क्या है आपका?"

"कन्स्ट्रक्शन," काका म्हणाले.

मग त्याने आणखी काही न विचारता काय करायचं ते सांगितलं. त्याला पोर्ट फॉरवर्डिंग म्हणतात. काकांनी चष्मा लावून ते एका बैठकीत जमवलं.

"म्हणजे नेमकं काय केलंत?"

"राउटर म्हणजे गेटवरचा वॉचमन. घरातल्या प्रत्येक यंत्राला तो एक नंबर देतो. बाहेरून कोणी आलं की तो हाकलतो. त्याला सांगून ठेवायचं, खेळाचा माणूस आला तर हाकलू नकोस, अमुक नंबरकडे पाठव. तो नंबर आपल्या कॉम्प्युटरचा."

"आणि रोहित आला?"

"आला. गच्चीचा कठडा पुरा केला. मग घट बसले, तेव्हापासून एकदाही नाही. मी रोज आत जाऊन बसतो. सगळं चालू असतं. तोच येत नाही." काकांनी पुढच्या रस्त्याकडे बघितलं. "तुटलं म्हणायचं."

संचिता मनातल्या मनात देवीचं नाव घेत होती. ती मधेच थांबली. "घट बसले त्या दिवशी तर तुमचं इंटरनेट बंद होतं ना? मी होते की तिथे."

"बंद कसं असेल?"

"अहो, देवीला लाइटची माळ लावायला प्लग नव्हता. काकूंनी तुमच्या राउटर-कॉम्प्युटरच्या बोर्डाची वायरच काढली. तुम्ही फुलं आणायला गेला होतात. मग माळ दुसरीकडे लावली, तुमचं परत लावलं आणि टीव्हीवर आरती सुरू केली."

"आधी टीव्ही?"

"हो."

"कॉम्प्युटरच्या आधी?"

"कॉम्प्युटर तर तुम्ही आल्यावर तुम्हीच लावलात."

काका रस्त्यातच उभे राहिले. मोर्व्याच्या वळणावर पाणी वाटणारी बाई म्हणाली, "काका, बसा ना. पाय दुखतान काय?"

"पाय ठीक आहेत. टीव्हीचा घोळ आहे."

"आमचा बी बंद हाय," बाई म्हणाली आणि पेला पुढे केला.

काका पाणी प्यायले. "वॉचमन उठला की नव्याने नंबर वाटतो, संचिता. पहिला जागा झाला टीव्ही, कॉम्प्युटरचा नंबर गेला त्याला. मी तो नंबर कॉम्प्युटरच्याच नावावर बांधून ठेवायला हवा होता. नाही ठेवला. म्हणजे इतके दिवस रोहित येतोय आणि वॉचमन त्याला टीव्हीकडे पाठवतोय."

"टीव्ही काय करतो?"

"काय करणार? दार उघडत नाही."

संचिताने हात जोडले. "देवीनेच मला आठवण दिली हो."

"माळ पण तिच्यासाठीच लावली होती," काका म्हणाले.

ती हसली. काका हसले नाहीत. पुन्हा चालू लागले, पण आता संचिताला त्यांच्याबरोबर राहायला जवळजवळ पळावं लागत होतं.

"येतोय असं आपण म्हणतोय," काका जरा वेळाने म्हणाले. "आला होता की नाही, मला काय माहीत. आणि आला असेल तर त्याला काय वाटलं असेल? बाप म्हणाला तिकडेच राहा, आणि वर दार लावून घेतलं."

देवळाची रांग लागली. काका रांगेत तिच्या पुढे होते. ते मागे वळले.

"नंबर मी घरी जाऊन बांधतो. पण घरातून बघून काही कळत नाही गं, आतून ते कायम उघडंच दिसतं. तू तुझ्या मुलीच्या मोबाइलवर तो खेळ घे. वायफाय बंद ठेव, मोबाइलच्या नेटवरून बाहेरून ये. आत येता आलं, तर रोहितला फोन कर. मी सांगितलंय म्हणू नकोस. एवढंच सांग, दार बाबांनी लावलं नव्हतं."