फक्कीची वाट

आमच्या पोलीस ठाण्याचे जमादार कुठेही गेले की आधी जमिनीकडे बघायचे, माणसांकडे नंतर. मग बुटाची टाच खाली टेकवून म्हणायचे, "पाय संभाळा, मालक." समोर सरपंच असोत की नवे फौजदार, सगळ्यांना तेच. माझ्या बहिणीच्या लग्नात पंगतीत वाढणाऱ्यांनाही त्यांनी हेच ऐकवलं होतं. त्या दिवशी आमच्याकडे पहिल्यांदाच कुणी पत्रावळीवर पाय दिला नाही.

माझा वडवणीत फोटो स्टुडिओ आहे. लग्नं, बारशी, पासपोर्ट साइजचे फोटो, यावर माझं पोट चालतं. पण कुठे काही विपरीत घडलं आणि बीडहून खात्याचा फोटोग्राफर यायला उशीर असला, की ठाण्यातून फोन यायचा आणि पाच मिनिटांत जमादारांची मोटारसायकल दारात. डिकीत सुतळीचा गुंडा आणि दुधाच्या पिशवीत चुन्याची फक्की, शाळेच्या मैदानावर रेघा आखतात ती. मध्यंतरी खात्याने त्यांना जागा अडवायला पिवळी पट्टी दिली होती. पहिल्याच गावात पोरांनी ती तोडून सायकलींना बांधली. जमादार म्हणाले, "आपली फक्कीच बरी. चोरली तर हाताला तरी लागती."

त्यांची रीत ठरलेली होती. एकटे पुढे जाऊन आधी नाडी बघायचे. "आधी जीव, मग जागा." जीव असेल तर सगळं तुडवा, पण दवाखाना गाठा, असं त्यांचं म्हणणं. जीव नसेल तर मात्र चौफेर सुतळी, आणि कडेकडेने फक्कीच्या दोन रेघा. जायची-यायची वाट तेवढीच. डॉक्टर असोत, साहेब असोत, मी असो, त्याच दोन रेघांमधून चालायचं. कोण किती वाजता आत गेलं हे त्यांच्या वहीत लिहिलेलं असायचं.

आपल्याकडची माणसं तुम्हालाही ठाऊक आहेत. मयत झालं की गाव धावत येतं. कुणी डोकं मांडीवर घेतं, कुणी तोंडात पाणी घालतं, कुणी बाईचं पातळ नीट करतं. हात लावल्याशिवाय आपल्याला माणूस गेल्याचं खरंच वाटत नाही. जमादार नेमकं तेच करू द्यायचे नाहीत. लोक त्यांना दगड म्हणायचे. मनातल्या मनात मीही म्हणायचो.

एकदा चहा पिताना मी विचारलंच, "इतकं कडक का वागता?"

"नांदूरघाटाकडं होतो, नवाच," ते म्हणाले. "एका म्हातारीच्या पोराला उंबऱ्यावर मारलं. त्याला दवाखान्यात नेलं, तिथं गेला. म्या घरी पहाऱ्याला. म्हातारी म्हणली, उंबऱ्यावर मुंग्या लागल्यात, माझ्या लेकराचं रगत हाय, धुऊ दे. मला माझी माय आठवली. म्हणलं, धू. दोन तांबे पाणी ओतलं तिनं. त्या रगतात मारणाराचा पाय उमटलेला होता. म्या बघितलाच न्हाई."

"मग?"

"सुटले सगळे. म्हातारी कोर्टाच्या पायऱ्यावर बसलेली. शिव्या घातल्या असत्या तर बरं झालं असतं. म्हणली, म्या पाणी मागितलं, पर लेकरा, तू द्यायचं नव्हतं."

त्यांचा चहा तसाच राहिला. पैसे मी दिले.

पण मला सांगायचं आहे ते चैत्रातल्या एका सकाळबद्दल. गावापासून जवळच एक वस्ती आहे. तिथे लग्नाला दोन वर्षं झालेली एक पोरगी हौदापाशी मरून पडली होती. पाणी काढताना घसरली नि डोकं आपटलं, असं सासरचे सांगत होते. आम्ही पोचलो तेव्हा सासू अंगणात सडा टाकत होती. सून समोर पडलेली आणि ही बादलीत शेण कालवून हाताने शिंपडतेय. अर्धं अंगण ओलं झालं होतं.

"रोजचा सडा हाय, जमादार," ती म्हणाली.

"बादली तिथंच ठेवा, मावशी. हात बी धुऊ नका."

ते कडेने आत गेले, तिची नाडी बघितली आणि मान हलवली. कोरड्या राहिलेल्या अंगणात स्वयंपाकघराच्या दारापासून दोन रेघा निघाल्या होत्या, फरफटत नेलेल्या टाचांच्या. हौदाच्या दिशेने येऊन त्या सड्याखाली नाहीशा झाल्या होत्या. मी पटापट फोटो घेतले. शेळ्या, कोंबड्या मोकळ्याच फिरत होत्या, म्हणून जमादारांनी शेजारच्या घरांतून दुरड्या मागवल्या आणि त्या रेघांवर ओळीने पालथ्या घातल्या.

बीडची तपासणीची गाडी यायला अकरा वाजणार होते. नऊच्या सुमारास तिचे वडील आले. गाडीवरून उतरले ते थेट अंगणाकडे धावले. जमादारांनी त्यांना सुतळीपाशी दोन्ही हातांनी कवेत धरलं.

"पाय संभाळा, बाबा."

"माझी लेक हाय ती!"

"हाय. म्हणून तर."

"तिचं तोंड तरी झाका हो. ऊन लागतंय तिला." त्यांनी खांद्यावरचं उपरणं पुढे केलं.

जमादारांनी ते घेतलं नाही. "तुमचं कापड लागलं तर तिच्या अंगावर आधी काय होतं ते कळायचं न्हाई. दोन तास कळ काढा."

"तुला लेक न्हाई, म्हणून जमतंय तुला!"

जमादारांना दोन लेकी होत्या. लोकांनी वडिलांना धरून भिंतीआड नेऊन बसवलं. तिथून त्यांच्या शिव्या ऐकू येत राहिल्या. मलाही त्या क्षणी जमादारांचा संताप आला होता.

मग ते फक्कीच्या वाटेने आत गेले आणि तिच्या उशाशी, रेघांच्या आतच, सूर्याकडे पाठ करून उभे राहिले. मला वाटलं, पहारा देतायत. ऊन सरकलं की ते पाऊलभर सरकायचे. मी कॅमेरा लावून ओरडलो, "जमादार, बाजूला व्हा, सावली पडतेय!"

"एका फोटोत येऊ द्या," ते म्हणाले. "बाकीच्यात सरकतो."

तेव्हा कुठे मी नीट बघितलं. सावली बरोबर तिच्या चेहऱ्यावर होती. गाडी येईपर्यंत त्यांनी ती तिथून हलू दिली नाही.

खटला उभा राहायला तीन वर्षं गेली. त्याआधीच्या हिवाळ्यात जमादार वारले. छातीत दुखतंय म्हणाले आणि दवाखान्याच्या वाटेवरच गेले. निवृत्तीला आठ महिने राहिले होते. साक्षीला आम्हा दोघांपैकी मी एकटाच उभा राहिलो.

समोरच्या वकिलांनी नेमका तोच फोटो वर धरला. "मयताच्या तोंडावर ही सावली कुणाची? म्हणजे जागेवर माणसं वावरत होती?"

"जमादारांची आहे," मी म्हणालो. "तिला ऊन लागत होतं. त्यांचे बूट बघा साहेब, रेघेच्या आत आहेत."

मागच्या बाकावर तिचे वडील बसले होते. त्या सकाळी ते भिंतीआड होते, त्यांनी हे पाहिलंच नव्हतं. त्यांनी उपरण्यात तोंड लपवलं.

नवऱ्याला शिक्षा झाली. निकालात दुरड्यांखालच्या त्या दोन रेघांचा उल्लेख आहे.

दुसऱ्या दिवशी वडील सकाळीच स्टुडिओत आले. "जमादाराच्या घरी न्या मला. लई वंगाळ बोललो त्यांना." मी घेऊन गेलो. जमादारांच्या बायकोने नुकताच सडा टाकला होता, रांगोळी काढायची राहिली होती. "या की आत," ती म्हणाली.

वडील फाटकातच थांबले. चपला काढून त्यांनी हातात घेतल्या. ओल्या अंगणाकडे बघत त्यांनी तिला विचारलं, "वाट कुणीकडून हाय, माय?"