पोल्ट्रीतला लाल कॅमेरा

लिवण्यात चुका असतील, माफ करा. नववीत शाळा सोडली, आनि टाइप एका बोटानं करालोय.

आज गडमुडशिंगीत अण्णांच्या पोल्ट्रीवर गेलतो. माणूस आत शिरला की कोंबड्या बिथरत्यात, म्हणून अण्णांना छोटा रोबोट फिरवून मोबाईलवर लाईव्ह बघायचं हाय. अण्णा म्हणालेले, "चित्र दिसलं तर काम तुझं."

दारात रोबोटवरचा कॅमेरा वायफायला जोडला, चित्र झकास आलं. अण्णांना बोलवून आणलं, रोबोट आत सोडला, तर मोबाईलवर सगळं लालभडक!

पासवर्ड बदलला, राउटर बंद-चालू केला. दोन तास गेले. अण्णा म्हणाले, "जाळलास काय रं?" कुणी कॅमेऱ्याला हात लावला का, एवढं विचारायला पण तोंड उघडंना.

मग अण्णांच्या घरातल्या काकू चहा घेऊन आल्या. म्हणाल्या, "मगाशी तू बोलवायला गेलतास तवा मी पूजा केली की त्याची. नवीन मशीन हाय न्हवं!"

रोबोट बाहेर आणला. कॅमेऱ्याच्या काचेवर कालवलेलं कुंकू.

"काकू, तिथंच का लावलं?"

"मग कपाळ कुठलं त्याचं?"

शर्टानं पुसलं, कोंबड्या दिसल्या. काम मिळालं, पण खुश व्हायला अंगात जीव न्हाय. तुमास्नी पण साधं विचारायची अशी लाज वाटती का?

आत्ताच फोन आला, माझ्या ताईला मुलगी झाली; आता मातर अंगात जीव आला.