पुकाऱ्यातलं नाव

टेमघरहून ठाण्याच्या कुटुंब न्यायालयात जायचं म्हणजे आधी कशेळीच्या ट्रॅफिकची मनधरणी करायची. त्या दिवशी कंटेनरांच्या रांगेत रिक्षा अडकली आणि मी सारखी घड्याळ बघत राहिले. घटस्फोट आम्हा दोघांनाही हवा होता, त्यात वाद नव्हता. भांडण मुलीवरून होतं. सासर सोडल्यापासून ती माझ्याजवळ माहेरी होती आणि आता नवऱ्यानं तिचा ताबा मागितला होता. माझ्या वकीलबाईंनी बजावलं होतं, पुकारा झाला आणि तुम्ही हजर नसलात, तर त्यांचंच ऐकून हुकूम होऊ शकतो. तेव्हापासून मी रात्री मुलीला कवटाळूनच झोपत होते.

पोचलो वेळेत. वकीलबाई दुसऱ्या कोर्टात अडकलेल्या. आई, मी आणि मुलगी बाहेर बाकावर बसलो. समोरच्या बाकावर तो आणि त्याचे वकील. शिपाई दारात येऊन नावं पुकारायचा आणि दर वेळी मी अर्धी उठून परत बसायचे. सगळा जीव कानांत आणून बसले होते मी, फार शहाणी असल्यासारखी.

एकाएकी मुलगी मला बिलगली. तोंड माझ्या ओढणीत खुपसलं. काय झालं विचारलं तर कुजबुजली, "तुला बोलावलं. पप्पा ओरडायचे ना, ते नाव."

आमच्यात लग्नात नवरीचं नाव बदलतात. तांदळाच्या ताटात अंगठीनं नवरा नवीन नाव लिहितो आणि सगळे कौतुकानं बघतात. माहेरी परतल्यावर त्या नावानं मला कुणी हाक मारली नव्हती. कोर्टाच्या कागदांवर मात्र तेच होतं, आणि मी मेली जन्मनावाची वाट बघत बसले होते. समोरचा बाक रिकामा झालेला. मी मुलीला आईकडे ढकलून आत धावले.

त्याचे वकील सांगतच होते की सामनेवाली गैरहजर आहे.

"मी हाय, मॅडम. हितंच हाय," मी म्हटलं. एरवी बाहेर जपून बोलते; तेव्हा घरची बोलीच तोंडातून निघाली.

न्यायाधीश बाईंनी ते नाव घेऊन विचारलं, तुम्हीच का? मी मान हलवली. त्या रागावल्या नाहीत. म्हणाल्या, आधी समुपदेशक मॅडम मुलीशी एकटीशी बोलतील, मग ठरवू.

समुपदेशकांच्या खोलीचं दार लागलं आणि मला बाकावर बसवेना. त्यानं तिला सायकल कबूल केली होती. मी तिला कालच अभ्यासावरून फटकावलं होतं. लेकरू काय सांगेल, कुणी सांगावं? आई वज्रेश्वरीला नवस बोलत होती. तोही भिंतीला टेकून उभा होता, तोंड उतरलेलं. त्यालाही भीती वाटत असेल हे मला तोवर सुचलंच नव्हतं.

पुढच्या तारखेपर्यंत मुलगी माझ्याकडेच राहील, असा हुकूम झाला. रिक्षात बसल्यावर मी हळूच विचारलं, मॅडमना काय सांगितलंस?

"सांगितलं, मी आईकडेच राहणार," ती म्हणाली. "तिला एकटीला भीती वाटते. मी गेले तर तिच्याजवळ कोण झोपेल?"

माझी भीती तिच्यापासून लपलेली आहे अशी माझी समजूत होती. मी तिला मांडीवर ओढून घेतलं आणि पहिल्यांदाच तिच्यादेखत रडले.