चिंगीला भेटायला

तुडीलच्या वरच्या वाडीतल्या ठकूमावशीने भेकराचं अनाथ पाडस वाढवलं होतं. तिच्या शेळीचं करडू नुकतंच गेलेलं. मावशीने पाडसाच्या अंगाला मीठ चोळलं. शेळीने ते चाटलं आणि पाडसाला आपलं मानलं. नाव ठेवलं चिंगी. नवरा वारलेला, मुलगा सुनील मुंबईला. मावशी दिवसभर बोलायची ती चिंगीशीच.

मी त्या वाडीवरच्या शाळेची मास्तरीण. शहाणपण नुसतं उतू जात होतं माझं! रानातलं जनावर घरात पाळणं गुन्हा, हे मुलांना शिकवणार मीच, मग गप्प कशी बसू? गुपचूप एका प्राणिमित्र संस्थेला फोन केला. गाडी आली आणि चिंगीला घेऊन गेली. फोन कुणीतरी केला एवढं वाडीला कळलं, कोणी केला ते नाही.

चार महिन्यांनी समजलं, तिला खाडीपलीकडच्या प्राणी उद्यानात ठेवलंय. मावशीने माझ्याच मागे टुमणं लावलं, "बाई, येकदा दाखवा तिला." रविवारी आम्ही महादूच्या होडीत बसलो. मावशीच्या मांडीवर उंबरांची पिशवी.

"वळखील ना गो मला?" तिने तीनदा विचारलं.

"न ओळखायला काय झालं?" मी तिन्ही वेळा म्हटलं.

उद्यान म्हणजे नाव सोनूबाई, हाती कथलाचा वाळा. फाटकावर डरकाळी फोडणारा रंगवलेला वाघ. आत चार ससे, पिसं झडलेला एक मोर आणि हौदात कासव. मावशी रिकाम्या पिंजऱ्यांपुढेही थांबून हाक मारत होती, "चिंगे, ये गो!" शेवटी राखणदार रावजीला राहवलं नाही.

"मावशे, भेकर व्हतं. आठ दिस नुसतं दाराशी उभं. काय घातलं तरी खाल्लं नाय. गेलं."

मावशी रडली नाही. उंबरं सशांपुढे ओतली आणि होडीत येऊन बसली. मला मात्र लाज वाटत होती, स्वतःचा राग येत होता. सांगून टाकावं, तिचे पाय धरावेत, म्हणून मी तोंड उघडलं.

तेवढ्यात तीच म्हणाली, "बाई, तुमची चार ठिकानी वळख हाय. फोन कुनी केलान ते कवा कळलं, तर त्याला ह्ये सांगू नका. भल्यासाठीच केलान आसंल त्यानं. उगाच जल्मभर जिवाला लावून घेल."

"नाही सांगणार," मी म्हटलं.