आठ माणसांची जागा

समुद्रकाठच्या मीनवोर गावातली निम्मी घरं डुगन. त्यामुळे आमच्याकडे आडनावाला कुणी विचारत नाही. स्वतःचं नाव, मग बापाचं, मग आजोबाचं, अशी माळ ओवून माणूस ओळखतात. बाप लवकर गेलेला असला तर आईच्या नावानं. आमच्या नाब्ला म्हातारीचा आजोबा बटाटे काढायला स्कॉटलंडला गेला तो तिकडेच मेला. त्याची पोरं आईच्या, म्हणजे हिच्या आजीच्या, नावावर वाढली. त्या आजीचंही नाव नाब्ला. बाप एमन, म्हणून ही नाब्ला एमन नाब्ला. माळेच्या दोन्ही टोकांना एकच नाव. पुढे ओवायला कुणी नाही. तिनं लग्न केलं नाही. भाऊ होता, त्याला समुद्रानं नेलं.

ऑगस्टमधल्या एका रविवारी फादर कबरस्तानात पवित्र पाणी शिंपडत फिरतात. तेव्हा प्रत्येक घर आपापल्या कबरीपाशी उभं राहतं. ग्लासगोहून, टोरांटोहून माणसं येतात. भाऊ गेल्यापासून नाब्ला एकटीच उभी राहायची. अठ्ठ्याहत्तरी गाठली तशी तिला एकच धास्ती लागली. आपण खाली गेल्यावर वर कोण उभं राहणार?

आणि एका सकाळी पेनसिल्व्हेनियाहून फोन आला. डेनीस नावाची बाई होती.

"माझे आजोबा, आईचे वडील, तुमच्या गावचे. चार्ल्स डुगन. कोळशाच्या खाणीत होते. आम्ही सगळे तिकडे यायचं म्हणतोय. त्याआधी त्यांचं घर सापडलं तर बरं होईल. पोस्टातल्या बाईंनी तुमचा नंबर दिला."

"चार्ल्स डुगन म्हणून हाक मारलीस तर अर्धं गाव ओ देईल बाई," नाब्ला म्हणाली. "त्यांना आणखी काही म्हणायचे का?"

"चढली की ते स्वतःलाच हाक मारायचे. शार्ली नाब्ला! आजी चिडायची. तिला वाटायचं, मागे कुणी प्रेयसी राहिली."

नाब्ला खुर्चीत बसली. शार्ली नाब्ला म्हणजे तिच्या वडिलांचा थोरला भाऊ. जहाजात बसला, एक ख्रिसमस कार्ड आलं, मग काही नाही. वडील शेवटच्या आजारात भिंतीकडे तोंड करून त्यालाच हाका मारायचे.

"प्रेयसी कसली गं," ती म्हणाली. "ती त्याची आई. माझी आजी. तुझी आई माझी चुलतबहीण."

पलीकडे डेनीस रडत होती. तेव्हापासून ती 'कझिन नाब्ला' म्हणू लागली. दर रविवारी फोन. आठजण येणार होते. नाब्लानं एकच मागितलं, की कबरींच्या रविवारी या.

"म्हणजे काय, येणारच," डेनीस म्हणाली. मग तिनं टपालानं एक नळी पाठवली. तिच्यात थुंकून परत धाडायची होती. घरातल्या सगळ्यांची डीएनए तपासणी करतोय, म्हणाली, गंमत म्हणून. नाब्ला थुंकली.

भिंतींना चुना दिला. माळ्यावरचे पलंग खाली आले. नवे कप आले. शेजारचा जिमी ह्यूडी नव्वदी ओलांडलेला. तो कुंपणावर वाकून म्हणाला, "काय गं, पोपला जेवायला बोलावलंयस की काय?"

"पोपला कोण विचारतो! माझी माणसं येताहेत. आपल्या शार्लीची."

जिमी हसायचा थांबला. टोपी काढून आत बघितलं, परत घातली. "पाऊस नाही आला म्हणजे मिळवली," म्हणाला आणि घरात गेला.

कबरीभोवतीचं गवत तिनं कापलं. किनाऱ्यावरचे पांढरे गोटे बादलीनं आणून पसरले. आठजण मावतील इतके. स्वतः कडेला उभी राहून पाहिलं. जागा पुरत होती.

रविवार तोंडावर आला आणि फोन वाजला.

"मिस डुगन," डेनीस म्हणाली.

नाब्लाला तिथेच कळलं.

"निकाल आला. तुमचं आमचं काहीच जुळत नाही. थोडंसुद्धा नाही. दोनदा तपासून घेतलं."

"यंत्र चुकलं असेल."

"आईला वाटतं, दुसरंच कुणी डुगन असेल. तुम्ही जरा विचाराल का?"

नाब्ला तशीच, एप्रनसकट, जिमीकडे गेली. तो शेकोटीजवळ बसला होता. सगळं ऐकून त्यानं पीटचं, दलदलीतल्या वाळवलेल्या मातीचं, एक ढेकूळ जाळावर ठेवलं.

"यंत्र बरोबर आहे पोरी."

"काय बोलतोस?"

"तुझी आजी कापणीला पूर्वेकडे गेली होती. परत आली ती एक पोर काखोटीला मारून. वाटेत सापडलं म्हणाली. माझा बाप सांगायचा, पोराच्या अंगावर गोणपाट होतं फक्त."

"कुणाचं होतं?"

"कुणाला ठाऊक? ज्यानं घास भरवला त्याचं नाव. शार्ली नाब्ला. पुढे कुणी विचारलं नाही."

"माझ्या बापाला ठाऊक होतं?"

"तेव्हाच्या सगळ्या गावाला होतं. तो भाऊच होता त्याचा. त्यात सांगायचं काय?"

"मग त्या दिवशी कुंपणावर का नाही बोललास?"

"तू भिंतींना चुना देत होतीस," जिमी म्हणाला.

तिनं डेनीसला सगळं सांगितलं. काही लपवलं नाही. शेवटी म्हणाली, "आमच्या रीतीनं तो आमचाच. तुम्हीही आमचेच. या. उभे राहा."

"किती सुंदर गोष्ट आहे," डेनीस म्हणाली. "पण आईचं वय झालंय. तिला रक्ताची माणसं बघायची आहेत. आम्ही तेवढे दिवस दक्षिणेला, केरीत फिरण्यात घालवू. तुम्ही खूप मदत केलीत. देव तुमचं भलं करो."

त्या रविवारी पाऊस नव्हता. नाब्ला पांढऱ्या गोट्यांच्या मधोमध उभी होती. दोन्ही बाजूंना रिकामी जागा. गावाला कळलं होतं, म्हणून कुणी काही विचारलं नाही. जिमी काठी टेकत आला.

"माझे दोन नातू उभे करू का?"

"उसनी माणसं नकोत मला."

बोलून गेली आणि तिनं कबरीच्या दगडाकडे पाहिलं. आजीचं नाव सगळ्यात वर होतं. जिमीनंही पाहिलं. तो आपल्या कबरीकडे परत गेला.

फादर येत होते. ज्यांच्याजवळ कुणी नव्हतं त्या कबरींवरून ते चालता चालता हात फिरवत होते, पाणी कुठे पडतंय ते न बघता. नाब्ला तेच पाहत राहिली. ते तिच्यापर्यंत आले, थांबले, पाणी शिंपडून पुढे गेले.

मग ती वाकली आणि कडेचे गोटे एकेक करून बादलीत भरू लागली. मधला, एका माणसापुरता तुकडा तेवढा ठेवला.